शेजाऱ्याचे परस साफ करताना जुन्या घराचे लाकूड कसे वाचवावे आणि वापरावे

कोकणात जुने कौलारू घर दुरुस्तीला निघाले की कौले उतरतात, त्यांच्या जागी पत्रे येतात किंवा स्लॅब पडतो, आणि उतरवलेले वासे, रिपा, दारांच्या झडपा, खिडक्यांच्या चौकटी घरामागे परसात एका कडेला टाकल्या जातात. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ठेवलेले हे लाकूड दोन पावसाळे उघड्यावर राहिले, तर वरून त्याच्यावर रान चढते आणि खालून वाळवी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात असंख्य छपरे उडवली आणि माड-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. तरणी माणसे मुंबई-पुण्याला आणि घरात वयस्क माणसे, अशा घरांमध्ये ही आवरासावर मागे पडते. शेजाऱ्याने हात दिल्याशिवाय ती होत नाही.

अशा आवाराच्या सफाईला चार माणसे कोयते घेऊन उतरली, की सहसा आधी सगळे तोडले जाते, एका ठिकाणी ढीग होतो आणि संध्याकाळी त्याला काडी लावली जाते. त्या ढिगात बऱ्याचदा पन्नास-साठ वर्षे मुरलेले सागवान किंवा फणसाचे लाकूड असते, आणि तसे लाकूड आज वखारीत विकत घ्यायला गेल्यास परवडत नाही. म्हणून या कामाचा क्रम उलटा असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: आधी लाकूड ओळखून बाजूला काढावे आणि त्यानंतरच उरलेल्याला कचरा म्हणावे.

आधी विचारावे

शेजाऱ्याच्या परसात पडलेले लाकूड शेजाऱ्याचेच असते, मग ते कितीही बेवारस दिसो. पुष्कळदा ते एकट्या शेजाऱ्याचेही नसते, कारण घर सामाईक असले तर उतरवलेल्या लाकडावरही सगळ्या हिस्सेदारांचा हक्क असतो, आणि तीन भावांतला एक भाऊ बोरिवलीत राहत असला तरी आजोबांच्या वेळचा खांब कोणी नेला हे तो गणपतीला आल्यावर विचारतोच. त्यामुळे कामाच्या आधी दोन-चार दिवस ढिगाचे फोटो काढून घरातल्या माणसांकरवी ते संबंधितांना पाठवावेत आणि काय ठेवायचे, काय द्यायचे आणि काय जाळायचे, हे त्यांच्याकडून स्पष्ट करून घ्यावे.

घरात एकट्या वयस्क बाई असतील तर बोलण्याची रीतही सांभाळावी. “काकू, मागचं रान रविवारी काढून देतो, पण लाकडातलं काय ठेवायचं ते तुम्ही पडवीत बसून सांगा,” असे म्हटले की काम त्यांच्या देखरेखीखाली चालले आहे, ही भावना त्यांच्याकडे राहते आणि मदत घेण्याचा संकोच कमी होतो. प्रत्येक मोठा नग त्यांना दाखवूनच बाजूला ठेवावा. देवघराचे दार, गणपतीचा पाट, कोरीव काम असलेला खांब, पाळण्याच्या कड्या लावलेली तुळई यांसारख्या वस्तू कितीही मोडक्या असल्या तरी न विचारता कापू नयेत.

उभ्या झाडांचा प्रश्न निराळा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, फणस, आईन, किंजळ अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, म्हणून सफाईच्या ओघात उभ्या झाडाला कोयता लावू नये.

दिवस, साधने आणि जनावराची काळजी

या कामासाठी मे महिन्याचे पहिले दोन आठवडे सर्वांत चांगले, कारण रान वाळलेले असते, मुंबईची मंडळी घरी आलेली असतात आणि मृगाचा पाऊस येण्याआधी लाकूड सुकवायला पुरेसे कोरडे दिवस मिळतात. कोयता, विळा, पहार, फावडे, घमेली, लांब दांड्याचा दाताळ, अंबूर (खिळे उपटायचे हत्यार), हातोडी आणि जुन्या गोणी एवढी साधने पुरतात. पायात गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट आणि हातात जाड चामड्याचे हातमोजे मात्र असलेच पाहिजेत. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर कामाआधीच ती घेऊन टाकावी, कारण गंजके खिळे या कामात पावलोपावली आहेत.

लाकडाचा जुना ढीग हे फुरसे या विषारी सापाचे आणि विंचवाचे आवडते ठिकाण असते. फुरसे आकाराने लहान आणि मातीच्या रंगाचे असल्याने चटकन दिसत नाही. ढिगाकडे जाण्याआधी भोवतालचे गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापून मोकळी जागा करावी, ढिगावर काठी आपटावी आणि थोडा वेळ थांबावे. फळी उचलताना आपल्याकडची कड धरून वर करू नये; पहारीचे टोक पलीकडच्या कडेखाली घालून ती कड उचलावी, म्हणजे उघडणारी फट आपल्या पायांकडे न येता विरुद्ध बाजूला राहते आणि खाली काही असले तर ते तिकडून निघून जाते. ढीग नेहमी वरून खाली, एकेक नग काढत मोकळा करावा, आणि फटीत हात कधीही घालू नये.

एवढे करूनही दंश झाला तर जखम कापणे, चोखणे किंवा वर दोरी आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला स्थिर ठेवून, अंगठी-बांगडी काढून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशावरील लस असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे. लाल विंचवाच्या दंशाकडेही दुर्लक्ष करू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवल्यापासून मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात यावा लागतो. मुलांचा दंश अधिक गंभीर असतो, म्हणून ढीग हलवताना लहान मुलांना अंगणातच थांबवावे.

जुने सिमेंटचे पत्रे सापडले तर ते फोडू किंवा कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. पाणी मारून, अख्खेच्या अख्खे उचलून एका बाजूला ठेवावेत.

आवार मोकळे करणे

लाकूड हलवल्यानंतरची सफाई तुलनेने सोपी आहे. पातेरा, गवत आणि बारीक फांद्या जाळण्याऐवजी परसाच्या एका कोपऱ्यात खड्ड्यात भराव्यात, मध्येमध्ये माती आणि शेण टाकावे, आणि पुढच्या वर्षी ते खत शेजाऱ्याच्याच आळ्यांना घालावे. पडलेल्या माडाचे कुजके खोड मात्र आवारात ठेवू नये. कुजणाऱ्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग आजूबाजूच्या उभ्या माडांचे कोंब पोखरतो, त्यामुळे एका परसातले खोड सगळ्या वाडीला महागात पडते. खत उकरताना जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून नष्ट कराव्यात.

करवंट्या, फुटक्या बादल्या, टायर, पोफळीच्या वाकड्या विऱ्या (पानांच्या बुडाचे रुंद, खोलगट भाग), म्हणजे जिथे जिथे वाटीभर पाणी साचेल ते सर्व गोणीत भरावे किंवा पालथे करावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शेवटी घराच्या जोत्याला टेकलेली माती, पाने आणि लाकडे निदान दोन फूट दूर सारून पागोळीच्या पाण्याला वाट करून द्यावी. वाळवी जोत्याला टेकलेल्या अशाच ओल्या पसाऱ्यातून भिंतीत शिरते.

लाकूड पारखणे, खिळे काढणे, सुकवणे

बाजूला काढलेला प्रत्येक नग आधी खराट्याने झाडून घ्यावा आणि हातोडीने टकटक वाजवून पाहावा. घट्ट लाकूड खणखणीत वाजते. आतून खाल्लेले लाकूड बदबद वाजते. मग टोकदार स्क्रू-ड्रायव्हर किंवा आरी टोकाशी, जोडाशी आणि जमिनीला टेकलेल्या बाजूला दाबून पाहावी. पाव इंचापेक्षा जास्त सहज रुतली तर तेवढा भाग कापून टाकावा लागेल, पण उरलेला नग अनेकदा पूर्ण निरोगी असतो. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि बारीक गोल छिद्रांतून पिठासारखा भुसा पडत असला तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. भुंग्याचा नग सुकवून आणि औषध लावून झाल्याशिवाय घरात आणू नये.

सागाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाळवी सागाला लागत नाही, हा समज फक्त गाभ्यापुरता खरा आहे. बाहेरचा फिकट पट्टा वाळवी खुशाल खाते. म्हणून वरून चाळण झालेला सागाचा वासा पाहून निराश होऊ नये. वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) वरचा थर उतरवला की आत मधासारख्या रंगाचे, हाताला किंचित तेलकट लागणारे आणि चामड्यासारखा वास येणारे लाकूड मिळू शकते. फणसाचे लाकूड ताजे कापल्यावर पिवळे दिसते आणि हवेने तांबूस तपकिरी होत जाते. आईन आणि किंजळ जड असतात. आंब्याची फळी हलकी, फिकट आणि किडीला लवकर बळी पडणारी असते. माडाच्या वाशाचा बाहेरचा भाग कठीण आणि मधला भाग भुसभुशीत असतो, त्यामुळे तो चिरून वापरण्यापेक्षा अख्खा वापरणे बरे.

खिळे काढताना घाई केली तर लाकूड फाटते. खिळ्याचे टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आले असेल तर ते आधी सरळ करून मागून हलके ठोकावे, म्हणजे डोके वर येते. मग अंबुराच्या जबड्याखाली लाकडाची पातळ पट्टी ठेवून, त्या पट्टीवर जोर देत खिळा ओढावा, म्हणजे फळीवर खळगा पडत नाही. गंजून घट्ट बसलेल्या खिळ्याभोवती रॉकेलचे दोन थेंब सोडून तासभर थांबावे. डोके तुटलेला खिळा पंचने आणखी आत ठोकून त्या जागेवर खडूने ठळक खूण करावी, म्हणजे पुढे करवत किंवा रंधा तिथे चालवला जाणार नाही. सगळे खिळे निघाले असे वाटल्यावर बिघडलेल्या स्पीकरमधले लोहचुंबक फळीवरून फिरवावे. लपलेला खिळा तेच दाखवते. काढलेले खिळे एका डब्यात जमा करावेत आणि अंगणात एकही पडू देऊ नये. जुन्या पितळी कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या वेगळ्या पिशवीत घालून घरच्या माणसांच्या हाती द्याव्यात.

रंग दिलेल्या दारा-खिडक्यांना आणखी एक पथ्य आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचे बंधन भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, म्हणजे त्याआधीच्या रंगात त्याहून पुष्कळ जास्त शिसे असू शकते. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नये, गॅसच्या ज्योतीने तापवू नये, आणि ते लाकूड न्हाणीच्या चुलीतही घालू नये. पाण्याने ओला करून, तोंडावर चांगला मास्क बांधून पत्रीने खरवडावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे आणि खरवड गोळा करून बांधून टाकावी. घरात लहान मूल असेल तर सोपा उपाय म्हणजे रंगीत लाकूड घरातल्या वस्तूंसाठी वापरूच नये.

सुकवण्यासाठी पडवीत किंवा पत्र्याच्या छपराखाली चिरे मांडून जमिनीपासून फूटभर उंचीवर लाकूड रचावे. प्रत्येक थरानंतर दोन-दोन फुटांवर रिपेचे सारख्या जाडीचे तुकडे आडवे ठेवावेत आणि वरच्या थरांचे तुकडे खालच्या तुकड्यांच्या बरोबर वरच यावेत, नाहीतर फळ्या बाक धरतात. वरून ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, कारण आत घाम धरून बुरशी येते. भर उन्हात फळ्या तासन्‌तास ठेवल्या तर त्या तडकतात.

सुकलेल्या लाकडाला औषध घरीही तयार करता येते. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३० ग्रॅम टाकणखार पूर्ण विरघळवून ब्रशने दोन-तीन हात द्यावेत. कापलेल्या टोकांना सर्वांत जास्त पाजावे, कारण पाणी आणि कीड तिथूनच आत शिरते. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून ते घरातल्या किंवा छपराखालच्या वस्तूंसाठीच योग्य आहे. उघड्यावरच्या लाकडासाठी कोकणात होड्यांनाही लावले जाणारे काजूच्या टरफलाचे तेल उत्तम, पण ते कातडी जाळते, त्यामुळे हातमोज्यांशिवाय हाताळू नये. दिसायला चांगले हवे असेल तर औषध पूर्ण सुकल्यावर जवसाचे तेल चोळावे. त्या तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर ती आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून कामानंतर ती दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

काय बनवावे

पहिली वस्तू शेजाऱ्यासाठीच करावी असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी पडवीतल्या बाकाइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. दोन निरोगी वासे आणि दाराच्या एका झडपेच्या फळ्या एवढ्यात तो होतो. लांबी चार फूट, खोली पंधरा इंच आणि उंची अठरा इंच ठेवावी; वयस्क माणसांना याहून खाली बसले की उठताना गुडघ्यांना त्रास होतो. फळी इंचभर जाडीची धरून वाशाचे सतरा इंचांचे चार पाय कापावेत. दोन-दोन पाय एकेका आडव्या तुकड्याने वर जोडावेत आणि जमिनीपासून चार इंचांवर दुसरा आडवा तुकडा द्यावा. जोडाच्या जागी दोन्ही लाकडांना अर्ध्या जाडीची खाच घेतली तर लाकूड लाकडात बसते आणि सगळा भार स्क्रूवर येत नाही. मग हे दोन सांगाडे बैठकीखालून लांबीच्या दोन पट्ट्यांनी जोडून, दोन्ही कर्ण टेपने मोजून पाहावेत. ते सारखे आले म्हणजे बाक काटकोनात आहे. जुने आईन किंवा किंजळ असेल तर आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नये, कारण लाकूड फुटते किंवा स्क्रूचे डोके तुटते. बैठकीच्या फळ्यांमध्ये दोन सूत (पाव इंच) फट ठेवावी, वरच्या सगळ्या कडा रंध्याने गोल कराव्यात, आणि शेवटी बैठकीवर तळहात दोन्ही दिशांनी फिरवून कुठे सल लागते का ते पाहावे.

छोट्या तुकड्यांचे पाट, चपलांची मांडणी किंवा माळ्यावरचे फडताळ होते. पोफळीच्या जुन्या रिपांचा वेलमांडव एक-दोन हंगाम टिकतो, त्याहून अधिक अपेक्षा धरू नये. पोळपाट, काटवट किंवा अन्नाला लागणारी कोणतीही वस्तू अशा लाकडाची करू नये, कारण त्याला पूर्वी काय लावले होते हे सांगता येत नाही.

सागाच्या किंवा फणसाच्या सरळ रिपा मिळाल्या तर त्यांतल्या निवडक रिपा गणपतीच्या माटवीसाठी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीसाठी, राखाव्यात. रत्नागिरीकडे तिला मंडपी म्हणतात आणि गोव्यात माटोळी. नारळ, सुपारीचे घड, कवंडळे आणि आंब्याचे टहाळ बांधल्यावर ती चौकट चांगलीच जड होते. त्यामुळे चारी कोपऱ्यांना अर्ध्या जाडीच्या खाचा आणि प्रत्येकी दोन स्क्रू द्यावेत, आणि ती टांगताना भार खिळ्यावर न देता दोरी तुळईवरून घ्यावी. स्लॅबच्या घरात तुळई नसते, तिथे छतात आधीपासून पक्के बसवलेले हूक असतील तरच ती टांगावी. श्रावण संपायच्या आत एकदा रिकामी चौकट टांगून, तिला दोन्ही हातांनी जोर देऊन पाहावे.

उरलेले लाकूड शेजाऱ्याच्या पडवीत रचून द्यावे आणि प्रत्येक नगाच्या टोकावर तेलखडूने लाकडाची जात, लांबी आणि ते घराच्या कोणत्या भागातून निघाले ते लिहावे. “फणस, साडेपाच फूट, माजघराचे दार” एवढी नोंद असली की पुढच्या मे महिन्यात सुतार येईल तेव्हा त्याला ढीग उपसावा लागत नाही, आणि घरची माणसेही तो नग काय आहे हे जाणून निर्णय घेऊ शकतात.